वेगळी दिसणारी प्रत

डॉक्टर निदान सांगतात आणि पुढच्या बाळाकडे वळतात. ते वाईट असतात म्हणून नव्हे, पुढचं बाळही तितकंच आजारी असतं म्हणून. मागे आई-बाप उरतात, आणि त्यांच्यासाठी मी असते. मिरजेच्या अंकुर नवजात केंद्रात माझ्या दारावर ‘वृंदा हुद्दार, जनुकीय समुपदेशक’ अशी पाटी आहे. ती वाचून काही जण मला मानसोपचाराची डॉक्टर समजतात, तर काही जण बाळाचं नाव सुचवणारी बाई. कुणाचाच गैरसमज मी लगेच दूर करत नाही. लोक बोलायला लागले की माझं काम सुरू होतं.

स्वरांजली आणि सिद्धराज हिप्परकर जतकडच्या एका गावाहून आले, तेव्हा त्यांची मुलगी जेमतेम दीड आठवड्याची होती. तिच्या प्रत्येक पेशीत अठराव्या गुणसूत्राच्या दोनऐवजी तीन प्रती होत्या. पावणेदोन किलो वजन, घट्ट आवळलेल्या मुठी, एकमेकांवर चढलेली बोटं, हृदयात भोक. ती मधेच श्वास घ्यायची विसरायची. मॉनिटर ओरडायचा, नर्स तळपायाला टिचकी मारायची, आणि मग ती जरा रागावल्यासारखी पुन्हा श्वास घ्यायची. बारशाची वाट न पाहता स्वरांजलीने तिचं नाव ईश्वरी ठेवून टाकलं होतं. पूर्वी अशा बहुतेक बाळांचा पहिला वाढदिवस होत नसे, आणि माझ्या खुर्चीवर बसलेल्या बाईने आई-बापांना तेवढंच हळुवारपणे सांगायचं असे.

आता आमच्याकडे ‘मौन’ नावाचा उपचार होता. त्यामागची कल्पना निसर्गाकडूनच उचललेली आहे. बाईच्या शरीरात एक्स गुणसूत्राच्या दोन प्रती असतात, आणि त्यातली एक निसर्ग जन्माआधीच बंद करून ठेवतो. ज्या जनुकाच्या जोरावर हे घडतं ते घ्यायचं, निरुपद्रवी विषाणूत भरायचं आणि जादा गुणसूत्रावर नेऊन बसवायचं. ते तिथे बसलं की अख्खं गुणसूत्र झोपी जातं. पोटात असतानाच जे अवयव चुकीचे घडले ते यामुळे सुधारत नाहीत, हृदयातलं भोक तसंच राहतं. पण श्वास, गिळणं, वाढ, थोडंफार शिकणं यांना संधी मिळते. मात्र हे पहिल्या महिन्यातच करावं लागतं. त्यानंतर बाळाचं शरीर त्या विषाणूला परका समजून वाटेतच मारून टाकतं. आणि ते एकदाच करता येतं, कारण झोपवलेलं गुणसूत्र पुन्हा उठवण्याची युक्ती अजून कुणाला सापडलेली नाही.

तीनपैकी कोणती प्रत झोपवायची हे एक संगणकप्रणाली ठरवते. तिला आम्ही ‘निवड’ म्हणतो. ईश्वरीच्या तीन प्रतींपैकी दोन आईकडून आल्या होत्या, एक बापाकडून. निवड तिन्ही प्रती अक्षर न् अक्षर वाचते आणि इतर दोघींपेक्षा जी सगळ्यात वेगळी दिसते तिच्यावर बोट ठेवते. विषाणूला नेमकी एकच प्रत पकडायची तर काहीतरी वेगळी खूण लागते, आणि जिच्यावर अशा खुणा जास्त तिला पकडणं सोपं. ईश्वरीसाठी आईच्या दोनपैकी एक प्रत निवडली गेली, आणि त्याप्रमाणे डोस बनवायचं काम पुण्याच्या प्रयोगशाळेत सुरू झालं.

सुरुवातीच्या माहितीत मी सगळ्यांना विचारते तसं त्यांनाही विचारलं होतं, तुमचं लग्न नात्यातलं आहे का. स्वरांजली मान वर न करता नाही म्हणाली. तिच्या खुर्चीमागे तिची सासू शालनबाई उभी होती. सून तिला ‘आत्या’ म्हणत होती, पण त्यात मला विशेष काही वाटलं नाही. त्या भागात सासू रक्ताची असो वा नसो, सुना तिला आत्याच म्हणतात. उलट त्या दोघींकडे पाहून मला बरंच वाटत होतं. बाळंतीण वॉर्डात केस पिंजारून बसायची आणि सासू मागे बसून तिची वेणी घालायची. असं आमच्याकडे रोज दिसत नाही.

डोस आला त्या दिवशी सकाळी मी चहाचा कप घेऊन व्हरांड्यात उभी होते. डॉ. नौशाद पटवेगार दुपारी तो देणार होते. स्वरांजलीचे वडील महादेवराव सकाळच्या एसटीने डबा घेऊन आले होते आणि बाकावर बसून शालनबाईंबरोबर खात होते. विहीण आणि व्याही ही आपल्याकडची सर्वांत अवघडलेली जोडी. पदर सावरला जातो, ‘बसा की’ म्हटलं जातं आणि कुणीच बसत नाही. इथे शालनबाईंनी व्याह्यांच्या हातातली भाकरी सरळ अर्धी मोडून घेतली, आणि चावता चावता त्यांच्या शर्टाची वर गेलेली कॉलर खाली ओढली.

“गोळी घेतलीस का रं सकाळची?”

“घेतली की गं बाय,” महादेवराव म्हणाले आणि लहान मुलासारखे खाली पाहून खाऊ लागले.

मला आधी हसू आलं. मग ते गेलं, आणि चहा तसाच खिडकीत ठेवून मी आत धावले.

स्वरांजली आरामखुर्चीत रेलून ईश्वरीला उघड्या छातीशी धरून बसली होती. तिला दचकवायचं नाही एवढंच मी स्वतःला बजावलं आणि विचारलं, “तुझे बाबा आणि सासूबाई सख्खे भाऊ-बहीण आहेत का?”

तिने बाळाची टोपी सारखी केली. मग म्हणाली, “पहिल्या दवाखान्यातले डॉक्टर म्हणाले, नात्यात लग्न करता मग अशीच पोरं होणार. आत्या तिथंच उभी होती, मॅडम. मला सून करून घ्यायची तिचीच हौस होती. त्या दिवसापासनं तिच्या घशाखाली घास उतरंना. मग मी ठरवलं, आता कुणी विचारलं तर नाहीच म्हणायचं.”

त्या डॉक्टरांना मी मनातल्या मनात जे म्हटलं ते इथे लिहिण्यासारखं नाही. तिसरी प्रत येण्याचा आणि नात्यातल्या लग्नाचा काडीचाही संबंध नसतो. बीजांड तयार होताना गुणसूत्रांची वाटणी चुकते, आणि ती कुणाचीही चुकते. मामाच्या मुलीशी लग्न केलं काय किंवा परमुलुखातल्या मुलीशी केलं काय, सारखंच. हे मी तिला सांगितलं. पण त्याचबरोबर हेही सांगावं लागलं की आजार नात्यामुळे झालेला नसला तरी उपचार नात्यामुळे चुकू शकतो, आणि मला आत्ताच्या आत्ता पटवेगारांना गाठायला हवं.

पटवेगार हातमोजे घालत होते. मी बोलत असताना त्यांनी ते काढले, हे मला आठवतं. त्यांनी ईश्वरीच्या तिन्ही प्रतींचं वाचन पडद्यावर उघडलं. बापाची प्रत आणि आईची एक प्रत खूप लांबपर्यंत तंतोतंत सारख्या होत्या. साहजिकच होतं. दोन्हींचा तो भाग एकाच माणसाकडून आला होता, शालनबाई आणि महादेवरावांच्या वडिलांकडून, म्हणजे ईश्वरीच्या दोन्हीकडून एकच असलेल्या पणजोबांकडून. निवडीने हे सारखेपण पाहिलं होतं, बाजूला सावधानतेचा एक पिवळा ठिपका दिला होता आणि ती पुढे गेली होती. ज्या हजारो बाळांवर ती शिकली त्यात मामेबहिणीशी लग्न केलेल्यांची बाळं जवळजवळ नव्हतीच. आपल्याकडे अशी लग्नं घरोघर होतात हे तिला कुणी सांगितलं नव्हतं. दोन सारख्या आणि एक वेगळी दिसल्यावर तिने वेगळी उचलली.

“वेगळी झोपवली तर दोन सारख्या उरतील,” पटवेगार म्हणाले, “आणि त्या सारख्या भागात एखादं अक्षर बिघडलेलं असलं तर त्याला सावरायला चांगली जोडीदार प्रत उरणार नाही.”

असं एक अक्षर होतं. यकृतातून पित्त बाहेर सोडायला मदत करणारं एक जनुक अठराव्या गुणसूत्रावर असतं. त्याच्या दोन सारख्या प्रतींत एक अक्षर बदललेलं होतं, तिसरीत ते नीट होतं. बदललेल्या अक्षरापुढे निवडीने ‘अर्थ अज्ञात’ असा शेरा मारला होता, कारण तसं अक्षर असलेलं कुणी आजारी मूल जगात कुठे नोंदलेलंच नव्हतं. जतच्या पलीकडच्या वाडीत कोण कशाने गेलं हे नोंदणार तरी कोण.

मी महादेवराव आणि शालनबाईंना माझ्या खोलीत बसवलं आणि सरळ विचारलं, तुमच्या घरात कुणी लहान मूल पिवळं पडून गेलंय का. महादेवरावांनी बहिणीकडे पाहिलं. त्यांच्या पाठची दोन भावंडं गेली होती, एक बहीण आणि सगळ्यात धाकटा भाऊ. त्यांचे आई-वडीलही नात्यातलेच होते. डोळे हळदीसारखे झाले होते, गळ्यात काविळीच्या माळा घालून आणल्या होत्या, मिरजेपर्यंत आणायला तेव्हा जमलं नव्हतं. पित्त अंगात साचलं की असह्य खाज सुटते. मुलं अंग खाजवायची का, असं मी विचारताच शालनबाई उठून बाहेर गेल्या. महादेवरावांनी होकारार्थी मान हलवली.

त्या अक्षराचा अर्थ आम्हाला कळला. मौन ठरल्याप्रमाणे दिलं असतं तर आम्ही ईश्वरीच्या शरीरातली एकमेव निरोगी प्रत कायमची झोपवली असती.

डोस परत शीतपेटीत गेला. पटवेगार संध्याकाळपर्यंत पडद्यासमोरून हलले नाहीत. गुणसूत्राच्या एका टोकाला त्यांना अशी जागा सापडली जिथे बापाची प्रत आईच्या दोन्ही प्रतींहून निराळी होती. तिथे पकडून बापाची प्रत झोपवता आली असती, मग आईच्या दोन उरल्या असत्या, एक चांगली आणि एक बिघडलेली, आणि एक चांगली पुरते. पण नवा डोस बनवायला पुण्याला आठवडा लागणार होता आणि ईश्वरीचा पहिला महिना संपायला त्याहून एक-दोन दिवसच जास्त होते. दरम्यान तिचे श्वास थांबण्याचे प्रकार वाढत चालले होते. जुना डोस तयार होता, खालच्या मजल्यावर, कधीही देता येण्यासारखा.

हे सगळं मी आई-बापांना सांगितलं. वाट पाहिली तर ती तोवर जाऊ शकते. आजच दिलं तर श्वास बहुधा सुधारेल, पण काही महिन्यांत कावीळ सुरू होईल, ती थांबणार नाही. खाजेवर औषधं आहेत, ती प्रत्येकाला लागू पडत नाहीत. यकृत बदलता येतं, पण हृदयात भोक असलेल्या एवढ्याशा बाळाचं नव्हे. दोन्हींपैकी काहीही ठरवलं तरी दोघांची संमती लागेल. स्वरांजलीने त्याच क्षणी थांबायचं म्हटलं. सिद्धराज काहीच बोलला नाही. तो ट्रान्सफॉर्मर दुरुस्तीच्या कामावर होता, शांत स्वभावाचा. त्याचं गप्प बसणं मी होकार समजले नाही, तेवढा अनुभव मला आहे.

तिसऱ्या दिवशी ईश्वरीचा श्वास थांबला आणि टिचकीने परत आला नाही. ओठ जांभळे पडले. नर्सने मास्क लावून फुगा दाबायला सुरुवात केली आणि आम्ही सगळे काचेबाहेर उभे राहिलो. ती परत आली, पण फार सावकाश. त्यानंतर सिद्धराज माझ्या खोलीत आला तो उभाच राहिला.

“तो डोस द्या आजच,” तो म्हणाला. “लिव्हरचं नंतर बघू. जिवंत राहिली तर पुढं काहीतरी औषध निघंल. मेल्यावर काय निघणार आहे?”

त्याचं चुकत होतं असं मी म्हणू शकत नाही. मागून स्वरांजली आली आणि नको म्हणाली. तो तिच्याकडे वळून म्हणाला की आधी खोटं बोललीस, आता निर्णयही तूच घेणार का. माझी नोकरी अशी की या क्षणी मी कुणाचीही बाजू घ्यायची नाही. दोघांना पाणी द्यायचं, प्रश्न पुन्हा नीट मांडायचा आणि थांबायचं. मी ते केलं. पण मला भीती वाटत होती, आणि ती अशी होती की हे दोघं मुलीला वाचवता वाचवता एकमेकांना गमावतील, आणि मुलगीही जाईल.

शालनबाई दारात कधी आल्या ते कुणाला कळलं नाही. त्या खुर्चीवर बसल्या नाहीत, भिंतीला टेकून जमिनीवरच बसल्या आणि मुलाला म्हणाल्या, “बस हितं.”

तो बसला.

“तुझा धाकला मामा तीन वर्साचा हुता,” त्या म्हणाल्या. “रातध्याड खाजवायचा. रगात निघायचं, तरी खाजवायचा. मग आईनं त्याचं हात फडक्यानं बाजंला बांधलं. समदी रानात गेली की त्याच्यापशी म्या असायची. ‘आक्के सोड, आक्के सोड’ करायचा. येकदा म्या सोडलं, तर पोटावरची कातडी वरबाडून काढली त्यानं. पुन्यांदा सोडलं न्हाई. मरंस्तवर मला हाका मारत हुता आन म्या बसून ऱ्हायले.”

महादेवराव दाराबाहेर उभे होते. त्यांनीही हे कधी ऐकलं नसावं, कारण ते तोंडाला रुमाल लावून तिथून निघून गेले.

“ही जायची असंल तर आईच्या उरावर जाऊ दे,” शालनबाई म्हणाल्या. “ऱ्हायची असंल तर ऱ्हाऊ दे. पन तसं नगं रं बाबा.”

सिद्धराजने मान वर न करता विचारलं की श्वास थांबल्यावर फुगा कसा दाबायचा हे आई-बापांना शिकवतात का. शिकवतात, मी म्हणाले. त्याच दुपारी तो शिकला.

पुढचे दिवस सोपे नव्हते. नवरा-बायको एकमेकांशी कामापुरतं बोलत होते. ईश्वरी कायम कुणाच्या तरी छातीशी असायची, कारण उघड्या अंगाच्या उबेत ती श्वास कमी विसरते हे आमच्या लक्षात आलं होतं. स्वरांजली थकली की सिद्धराज शर्ट काढून बसायचा, तो थकला की शालनबाई. मॉनिटर ओरडायच्या आधीच शालनबाईंचं बोट नातीच्या तळव्यावर गेलेलं असायचं. एकदा तापाची कणकण दिसली आणि पटवेगारांनी पुण्याला फोन करून कुणाला तरी इतकं झापलं की नर्सा कोपऱ्यात जाऊन उभ्या राहिल्या. ताप उतरला. फुगा आणखी दोनदा दाबावा लागला, त्यातल्या एकदा सिद्धराजने.

महिना पुरा व्हायच्या आदल्या दिवशी नवा डोस आला. पटवेगारांनी त्यावरची खूण स्वतः तपासली, मला तपासायला लावली आणि मग तो दिला. सलाइनच्या नळीतून थोडंसं पाणी आत जावं इतकंच ते दिसतं. स्वरांजलीने विचारलं, झालं का. झालं, असं पटवेगार म्हणाले आणि खुर्ची ओढून तिथेच बसून राहिले. त्या दिवशी ते पुढच्या बाळाकडे लगेच गेले नाहीत.

चार महिन्यांनी ते सगळे तपासणीला आले. ईश्वरी तीन किलोच्या थोडी वर होती आणि नळीनेच दूध घेत होती. तिच्या हृदयाची शस्त्रक्रिया अजून व्हायची होती. ती नीट पार पडेल असं वचन कुणी दिलं नव्हतं. पण श्वास थांबणं बंद झालं होतं. दहापैकी सात पेशींत बापाची प्रत झोपली होती आणि यकृताच्या चाचण्या व्यवस्थित होत्या. सिद्धराजने तिला खांद्यावर घेतलं होतं, आणि तिचं लाळेरं कुठल्या पिशवीत आहे यावरून तो नि स्वरांजली मोठ्याने वाद घालत होते. मला ते ऐकून फार बरं वाटलं.

शालनबाईंना काहीतरी विचारायचं होतं. झोपवलेली प्रत सिद्धूची, म्हणजे त्यांच्याकडून गेलेली. तर नातीच्या अंगात आता त्यांचं काही जागं आहे की नाही. बाकीच्या बावीस गुणसूत्रांचं मी सांगणार होते, पण स्वरांजली माझ्याआधी बोलली.

“असं कसं, आत्या? तुझ्यात जे आहे तेच बाबांकडनं माझ्यात आलंय आणि माझ्यातनं हिच्यात. अक्षर न् अक्षर तेच. तुझ्या बाजूचं झोपलं, पण माझ्या बाजूचं जागंच आहे की.”

“आन ते नासकं अक्षार?”

“ते पण आहे. पण आता त्याच्या शेजारी एक चांगलं आहे.”

शालनबाईंनी मुलाच्या खांद्यावरून नातीला घेतलं, खिडकीच्या उजेडात नेलं आणि अंगठ्याने तिची खालची पापणी हलकेच खाली ओढली. सिद्धराज म्हणाला, आई, सकाळीच बघितलंस की.

“परत बघते,” त्या म्हणाल्या.